अडुसष्ट वर्षांचं हाड

माझ्या आजाराचा पहिला रिपोर्ट माझ्या नावाचा नाही. त्यावर लिहिलंय, गिरजाबाई, वय अडुसष्ट, स्त्री. गिरजाबाई म्हणजे माझी आत्या, वडिलांची मोठी बहीण. तिच्या हाडांना तेव्हा काही झालेलं नव्हतं आणि आजही ती सकाळी उठून अंगणात सडा टाकते. बाटलीतला तुकडा माझा होता. मी चोवीस वर्षांची होते. नाव आणि वय मीच बदललं, माझ्या हातानं, निळ्या पेनानं. त्यापायी साडेतीन महिने गेले आणि त्या साडेतीन महिन्यांपायी उजवा पाय गेला.

कुणी कीव करावी म्हणून हे लिहीत नाही. कीव पुष्कळ मिळाली, ती घरात ठेवायलाही जागा उरली नाही. लिहिते ते एवढ्यासाठी की ही चूक आमच्या भागात कुणाच्याही हातून होऊ शकते, आणि करताना ती चूक वाटत नाही, शहाणपण वाटतं.

सेंटर

जऊळक्याला स्टेशनच्या रस्त्यावर एक लहानसं सेंटर आहे, तिथे मी काम करते. तपासणी आमच्याकडे होत नाही. आम्ही रक्त घेतो, लघवी घेतो, कुणाच्या ऑपरेशनमधला तुकडा बाटलीत आला तर तो घेतो, फॉर्म भरतो, चिठ्ठी चिकटवतो. गजूभाऊ तो डबा सकाळच्या गाडीनं अकोल्याच्या लॅबला नेतात आणि संध्याकाळी रिपोर्टांची पाकिटं घेऊन परततात.

फॉर्म भरण्यात माझा दरारा होता. बायका वय सांगताना पाच-सात वर्षं सहज गिळतात. मी त्यांना सोडत नसे. "मावशी, इथं सोयरीक जुळवायची नाही, खरं वय सांगा," असं म्हणायची आणि बाकावरच्या बाया हसायच्या. वयाशिवाय रिपोर्ट वाचता येत नाही हे मला पाठ होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे कुणी म्हणू नये की पोरीला माहीत नव्हतं.

गजूभाऊ डबे न्यायचे तशा सोयरिकीही जुळवायचे. मानोऱ्याचं स्थळ त्यांनीच आणलं. प्रशांत आश्रमशाळेवर शिक्षक, घरी आई-वडील, थोडी शेती. उन्हाळ्यात आमचं साक्षगंध झालं. लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं होतं.

दुखणं

आषाढात उजव्या गुडघ्याच्या खाली दुखायला लागलं. आधी स्कूटी उभी करताना, मग जिना चढताना, मग नुसतं बसल्या जागी. मलम झालं, गोळ्या झाल्या. आई म्हणे, उभं राहून राहून दुखते. मग हात लावला तर तिथे कडक उंचवटा लागायला लागला, आणि बाबा मला अकोल्याला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टर बोलके होते. आमच्या सोयाबीनची चौकशी करत करतच त्यांनी एक्स-रे उजेडावर लावला आणि मध्येच बोलायचे थांबले. फिल्म काढली, पुसली, पुन्हा लावली. रोगनिदानाचा दिवस कुठला असं मला विचाराल तर मी तोच सांगेन. कागदावरचं नाव खूप पुढे कळलं, पण मला समजलं ते त्या बोलक्या माणसाच्या गप्प होण्यानं.

"इथलं हाड मला नेहमीसारखं दिसत नाही," ते म्हणाले. "छोटा तुकडा काढून तपासू."

बाबांनी घाबरत विचारलं, "साहेब, गाठ छेडली तं भडकत नाही ना?"

"दादा, न तपासता ठेवली तर भडकते."

पुढच्या आठवड्यात तुकडा काढला. दुपारी घरी सोडताना डॉक्टरांनी बाबांच्या हातात तीन गोष्टी दिल्या. बाटली, त्यांचं पत्र आणि एक्स-रे. "कुठल्या लॅबला द्यायचं ते तुम्ही ठरवा. पण तिन्ही एकत्र द्या. एकटी बाटली पाठवू नका." मी शेजारीच उभी होते. मी मान हलवली.

नाव

अकोल्यातल्या अकोल्यात ती बाटली द्यायला दहा मिनिटं लागली असती. पण आमच्या भागातले सगळे रिपोर्ट गजूभाऊंच्याच पिशवीतून येतात. जऊळक्याचा पत्ता पाहून माझंही पाकीट तिथेच पडलं असतं. म्हणून मी बाबांना म्हटलं, आपल्या सेंटरमधून पाठवू, म्हणजे कागद माझ्या हातात राहील. अकोल्याहून निघालेली बाटली माझ्या मांडीवर बसून जऊळक्याला आली, दुसऱ्या दिवशी पुन्हा अकोल्याला जाण्यासाठी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी डोळ्यांनी पाहिला आहे.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं स्वयंपाकघरात बसलो. आई भाकरी थापत होती.

"गजूभाऊच्या हातात हिचं नाव पडलं, का मानोऱ्यात दवंडी पिटली समजा," आई म्हणाली. "साधं काही निघालं तरी लोक काय म्हणतीन? पोरीच्या हाडात काहीतरी हाय म्हणतीन. झाकली मूठ सव्वा लाखाची."

बाबा म्हणाले, "पण नाव तं टाकाच लागते ना कोणाचं तरी."

आत्या भिंतीला टेकून लसूण सोलत होती. तरुणपणी विधवा झाली तेव्हापासून ती आमच्याकडेच. मान वर न करता म्हणाली, "मंग माहं टाका. मले आता कोण पाह्याले येनार हाय?"

आम्ही सगळे हसलो. खरंच हसलो, बाबासुद्धा. त्या हसण्यात गोष्ट ठरून गेली.

सकाळी सेंटरमध्ये मी फॉर्म भरला. नाव गिरजाबाई. वय अडुसष्ट. जागेपुढे लिहिलं, उजवा पाय, गुडघ्याखाली. तेवढं एक खरं. पत्र आणि एक्स-रेवर माझं नाव होतं, म्हणून ते दोन्ही घरी, लग्नाच्या साड्यांच्या खाली, पेटीत. एकटी बाटली गजूभाऊंच्या डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि पुढच्या बाईला तिचं खरं वय विचारलं. आज मला सगळ्यात जास्त याचाच राग येतो.

रिपोर्ट

सहा दिवसांनी रिपोर्ट आला. मोडलेलं हाड भरून येताना जसं नवं हाड तयार होतं तसं काहीसं दिसतंय, असं पहिल्या ओळीत होतं. पुढे होतं, नमुना लहान आहे, काही पेशी नेहमीपेक्षा वेगळ्या आहेत, आधी फ्रॅक्चर झालं होतं का ते कळवावं, एक्स-रे पाहिल्याशिवाय पक्कं मत देता येणार नाही.

मी पहिली ओळ वाचली. बाकीच्या ओळीही वाचल्या, पण वाचणं आणि मानणं यात फरक असतो. अडुसष्ट वर्षांच्या बाईचं हाड बारीकसं मोडून भरून येत असेल, हे अगदी पटण्यासारखं उत्तर होतं. प्रश्नच आम्ही तसा विचारला होता.

अकोल्याच्या डॉक्टरांना मी रिपोर्टचा फोटो पाठवला, नाव आणि वयाचा वरचा भाग कापून. त्यांचा लगेच फोन आला. "ताई, हा अर्धाच आहे. पूर्ण रिपोर्ट आणि एक्स-रे घेऊन परवा या. मला या उत्तरानं समाधान नाही."

मी म्हटलं, येते. नंतर त्यांच्या दवाखान्यातून दोनदा फोन आला, दोन्ही वेळा मी येते म्हटलं. मग सोयाबीन काढणीला आलं, दसरा आला, बस्ता बांधायला वाशीमला जायचं होतं. खरं कारण यातलं एकही नव्हतं. गेलं तर पूर्ण कागद दाखवावा लागेल आणि त्यावर आत्याचं नाव आहे, हे खरं कारण. एका खोट्याला सांभाळायला मी डॉक्टरच सोडला.

आत्याचं लंगडणं

गजूभाऊंनी अर्थातच बातमी पोहोचवली. गिरजाबाईच्या पायाचं हाड तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही. मग बाया भेटायला यायला लागल्या, बिस्किटाचे पुडे घेऊन. आत्याला आयुष्यात एवढं कुणी विचारलं नव्हतं. ती खाटेवरून उठून दोन पावलं लंगडून दाखवायची. एकदा डावा पाय धरून विव्हळायला लागली तेव्हा मी आतून खोकले, मग तिनं पाय बदलला. बाया गेल्यावर आई आणि आत्या तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

खरी लंगडणारी मी, आत भांडी मांडत होते. दुखणं वाढलं होतं. उंचवटा लिंबाएवढा झाला होता. मी साडी जरा खाली नेसायला लागले आणि दुपारच्या एका गोळीच्या दोन केल्या. आईच्या ध्यानात आलं होतं का? आता विचारलं तर ती रडते, म्हणून मी विचारत नाही.

लग्नाला अठरा दिवस उरले होते. सेंटरमध्ये वरच्या फळीवरून रिकाम्या बाटल्यांचा खोका काढून मी स्टुलावरून उतरले. एवढंच, फक्त उतरले. कडाक् असा आवाज आला. बाकावरच्या लोकांनाही तो ऐकू आला. मी खाली पडले होते आणि पाय गुडघ्याखाली भलतीकडे वळला होता. त्या वेळी दारात गजूभाऊ होते. त्यांनीच मला उचललं, आणि गाडीत ठेवेपर्यंत विचारत होते, "अवं बाप्पा, असं कसं मोडलं? अशी कशी नाजूक हाडं?"

नागपूर

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पुन्हा तुकडा काढला. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, याआधी कुठे तपासणी झाली का? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाबांनीच सगळं सांगितलं, नाव, वय, पेटीतला एक्स-रे, सगळं. सांगताना त्यांनी हात जोडले होते. माझ्या वडिलांना मी तसं उभं केलं, हे पाय जाण्याइतकंच मला लागलं आहे.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, जुना ब्लॉक मागवा. तपासलेला तुकडा मेणात बसवून जपून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. त्यातून पुन्हा पातळ काप काढून पाहता येतात. पण लॅब तो ज्याच्या नावाचा त्यालाच देते. म्हणून आत्या बाबांबरोबर अकोल्याला गेली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, पेशंट तुम्हीच का? पुढचं मला बाबांनी सांगितलं. आत्या सगळ्या रांगेसमोर मोठ्यानं म्हणाली, "गिरजाबाई मीच हाय, बाई. पन ते हाड माहं नाही. ते माह्या भाचीचं हाय. आमी खोटं लिवलं." मग तिनं सही केली. तिला सही येते, अंगठा लावत नाही.

नागपूरच्या दवाखान्यात तुकडे तपासणाऱ्या मॅडमना भेटायचा मी हट्ट धरला. एरवी पेशंट त्यांना कधी पाहत नाही. मी याच कामातली आहे म्हटल्यावर त्यांनी मला चाकांच्या खुर्चीवरून त्यांच्या खोलीत आणवलं. दोन काचा दाखवल्या, जुन्या ब्लॉकची आणि नवी. मला दोन्हींत गुलाबी-जांभळे ठिपके दिसले. त्यांनी सांगितलं, ऑस्टिओसार्कोमा. हाडाचा क्वचित होणारा आणि भराभर वाढणारा कॅन्सर. बहुतेक वेळा तुमच्यासारख्या तरुण वयात, बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपास.

"जुन्या काचेतही आहे?" मी विचारलं.

"आहे. एका कोपऱ्यात, थोडा. तुमचा एक्स-रे हातात धरून, चोवीस वय माहीत असताना पाहिलं तर दिसतो. किमान शंका येऊन लगेच दुसरा तुकडा मागवला जातो. हाड वाचायला वय, जागा आणि एक्स-रे लागतो. काच त्यानंतर."

"म्हणजे त्या लॅबवाल्यांची चूक नाही?"

"त्यांनी लिहिलंय ना, एक्स-रे दाखवा म्हणून. त्यांनी कुणाचा एक्स-रे पाहायचा होता?"

मग मी विचारलं, तेव्हाच कळलं असतं तर पाय वाचला असता का. त्यांनी चष्मा काढला. "खात्रीनं नाही सांगता येत. पण तेव्हा तो प्रश्न विचारता आला असता. आता हाड मोडून आजार आजूबाजूला पसरलाय. आता तो प्रश्न उरला नाही."

मानोऱ्याची माणसं

प्रशांत आणि त्याची आई भेटायला आले. लॅबच्या रांगेतली गोष्ट गजूभाऊंपर्यंत पोहोचली होती आणि त्यांनी यांना सगळं सांगितलं होतं, आत्याच्या नावासकट. प्रशांत खिडकीपाशी उभा राहिला. त्याची आई पलंगावर माझ्याजवळ बसली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तेव्हा केमोची पहिली सलाईन होऊन गेली होती आणि केस हातात यायला लागले होते.

"माह्या बहिनीले हाच रोग होता, पोटाचा," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं मी तिचं केलं. हगनं-मुतनं केलं. मले कायले भेल्या वं तुमी?"

आईनं पदर डोळ्याला लावला. "बाई, आमाले वाटलं..."

"तेच तं. तुमाले वाटलं. आमाले इचारलं काहून नाही? आजार काय कोनाले चुकला हाय? पन तुमी आमाले फसवलं. मी आता काहीच धरून चालू शकत नाही, की या घरचं खरं कोनतं अन् खोटं कोनतं."

सोयरीक मोडली. पायामुळे मोडली असती तर मला रडायला सोपं गेलं असतं, चार लोकांना शिव्या देता आल्या असत्या. जाताना प्रशांत एवढंच म्हणाला, "मले एक फोन करायचा होता. मी नागपूरले घेऊन आलो असतो ऑगस्टातच." त्याचं लग्न पुढच्या वर्षी झालं. सुखात असेल, असावा.

वॉर्ड

औषधाच्या सलाईनचं वर्णन मी करणार नाही. तोंडाला फोड येतात, पाण्याला लोखंडाचा वास येतो, भूक लागते आणि घास पाहिला की जाते. पलीकडच्या खाटेवर यवतमाळकडची एक काकू होती, तिनं मला आवळासुपारी चघळायला शिकवली. उलटी यायला लागली की ती हात लांब करायची आणि मी एक तुकडा घ्यायची. त्या काकूचं नाव मला शेवटपर्यंत विचारायचं राहिलं. एक आया रोज सकाळी फरशी पुसताना माझ्या खाटेखालून पोछा जरा हळू फिरवायची, कारण खाट हलली की पाय ठणकायचा. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यात माणसाला तगवतात त्या अशा गोष्टी.

माझ्याजवळ आत्या राहायची. आईला घरचं होतं, आणि खरं म्हणजे आईला माझ्याकडे पाहवत नव्हतं. वॉर्डात सोबतच्या माणसाचा पास असतो, त्यावर आत्याचं नाव होतं, गिरजाबाई, वय अडुसष्ट. पहिल्या दिवशी तो पास मी किती वेळ हातात धरून बसले होते. ते नाव आणि ते वय आता जिथे असायला हवं तिथे होतं.

आत्या दिवसातून दहा वेळा तेच म्हणायची. "माह्या तोंडातून ते निंघालंच कसं? माहं नाव देल्लं नसतं तं तुले तुहं टाकाच लागलं असतं."

"आत्या, पेन माझ्या हातात होता."

"पन नाव माहं होतं ना, बाई."

मग ती माझ्या पायांचे तळवे चोळायला घ्यायची. दोन्ही, तेव्हा दोन्ही होते.

आता

तीन वर्षं झाली. दर काही महिन्यांनी छातीचा फोटो काढायला नागपूरला जाते, आतापर्यंत स्वच्छ आहे. आतापर्यंत हा शब्द माझ्या बोलण्यात कायमचा राहायला आलाय. बसवलेल्या पायानं चालते, पावसाळ्यात चिखलात जरा पंचाईत होते. सेंटरमध्ये परत रुजू झाले. गजूभाऊ अजून डबे नेतात, आता सोयरिकी जुळवत नाहीत, निदान माझ्यासमोर नाही.

बाया अजून वय चोरतात. मी आता विनोद करत नाही. कुणी तुकड्याची बाटली आणली की आधी विचारते, डॉक्टरांची चिठ्ठी कुठाय, एक्स-रेचा फोटो कुठाय. नसला तर घरी परत पाठवते, कितीही चिडले तरी. एक बाई म्हणाली, पोरीचं लग्न जमून राह्यलं, सुनेचं नाव टाका. मी काउंटरच्या मागून बाहेर आले आणि तिच्यासमोर चार पावलं चालून दाखवली. तिनं मुकाट्यानं पोरीचं नाव सांगितलं.

एक दिवस मात्र सांगायचा राहिला, तो मुद्दाम मागे ठेवला होता.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर फॉर्म घेऊन आली. जे काढतील ते तपासायला जातं, त्याचा फॉर्म. छपाई वेगळी होती, रकाने आमच्या सेंटरसारखेच. ती मला विचारून लिहायला लागली तेव्हा मी म्हटलं, "सिस्टर, द्या इकडे. मला सवय आहे." तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं पेन दिला. आत्या उशाशी उभी होती.

मी नाव लिहिलं, अश्विनी. वय लिहिलं, चोवीस. डॉक्टरांचं पत्र जोडलं, एक्स-रेचं पाकीट जोडलं, दोन्हींवरचं नाव फॉर्मशी ताडून पाहिलं. सगळं जसंच्या तसं, खरं, एकही खाडाखोड नाही. इतका चोख फॉर्म मी नोकरीत कधी भरला नसेल.

मग शेवटचा रकाना आला, काय पाठवलं. श्रावणात मी तिथे लिहिलं होतं, लहान तुकडा. या वेळी लिहिलं, उजवा पाय, मांडीपासून खाली.